डेड पूलमधले पात्रतेचे वाद : तारीख मृत्यूची धरायची की बातमीची?

पानगळ (संयोजक)
५ जानेवारी २०२५, रात्री ९:१२

मंडळी, आपल्या डेड पूलच्या, म्हणजे येत्या वर्षी कोणते नामवंत जातील याच्या याद्या देऊन गुण मिळवायच्या खेळाच्या, नेहमीच्या धाग्यावर हे लिहिलं तर दोन दिवसांत कुठल्या कुठे खाली जाईल म्हणून वेगळा धागा काढतोय. काल बातमी आली की जगातली सगळ्यात वृद्ध व्यक्ती म्हणून नोंद असलेल्या जपानच्या तोमिको इतूका वारल्या, वय ११६. त्या राहायच्या त्या शहराच्या प्रशासनाने ही बातमी ४ जानेवारीला दिली, पण मृत्यू झालाय २९ डिसेंबरला. म्हणजे २०२४ मध्ये. आणि आपण २०२४ चा निकाल १ जानेवारीला सकाळीच लावून मोकळे झालो.

गुंता असा आहे. सोनचाफा यांच्या २०२४ च्या यादीत इतूका होत्या. एकट्या त्यांच्याच यादीत. आपल्या हिशोबाने शंभर वजा वय, कमीत कमी १, अधिक सोलोचे (नाव एकाच्याच यादीत असल्याचे) १०, म्हणजे ११ गुण होतात. दवबिंदू त्यांच्यापेक्षा ४ गुणांनी पुढे राहून जिंकलेत, त्यामुळे हे ११ धरले तर विजेता बदलतो. दुसरीकडे रातकिडा यांनी ३१ डिसेंबरला संध्याकाळी दिलेल्या २०२५ च्या यादीत पण इतूका आहेत. त्या वेळी त्या जाऊन दोन दिवस झाले होते पण हे कुणालाच माहीत नव्हतं.

आपल्या नियमात फक्त एवढंच आहे: "त्या कॅलेंडर वर्षात निधन झालं पाहिजे आणि दोन मोठ्या माध्यमांत बातमी आली पाहिजे." बातमी कधी यायला हवी यावर अवाक्षर नाही. मी माझं मत आत्ता देत नाही, आधी सगळ्यांचं ऐकतो. १० तारखेला निर्णय देईन.

सोनचाफा
५ जानेवारी, रात्री ९:४०

माझं म्हणणं सरळ आहे. नियमात "निधन झालं पाहिजे" असं आहे, निधन २९ डिसेंबर २०२४ ला झालंय, त्यात वाद घालण्यासारखं काय आहे? त्याच दिवशी जिमी कार्टर गेले, वय १००. ती बातमी तासाभरात जगभर झाली आणि ज्यांच्या ज्यांच्या यादीत ते होते त्या सगळ्यांना गुण मिळाले. एकाच तारखेला दोन माणसं गेली, एकाचे गुण द्यायचे आणि दुसरीचे नाही, का तर एक अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आणि दुसरी नर्सिंग होममधली म्हातारी बाई?

दवबिंदू
५ जानेवारी, रात्री १०:०५

मी जिंकले म्हणून बोलतेय असं वाटेल पण तरी लिहिते. निकाल लागल्यावर सामना परत खेळवत नाहीत. १ जानेवारीला पानगळ यांनी तक्ता टाकला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, कुणी हरकत घेतली नाही. आता मुल्ला ओमरचंच बघा. तालिबानचा प्रमुख एप्रिल २०१३ मध्ये मेला आणि जगाला कळलं जुलै २०१५ मध्ये. दोन वर्षांहून जास्त काळ मेलेल्या माणसाच्या नावाने फतवे निघत होते. मृत्यूचीच तारीख धरायची तर २०१३ चा निकाल २०१५ मध्ये उघडायचा का? आणि ज्यांनी २०१४ आणि २०१५ च्या यादीत त्याचं नाव घातलं त्यांनी दोन्ही वर्षं एक जागा मेलेल्या माणसावर घालवली, त्यांचं काय? बातमीची तारीख धरा, सगळे प्रश्न संपतात. बातमी सगळ्यांना एकाच वेळी कळते.

तर्कट
५ जानेवारी, रात्री १०:३१

दवबिंदू, उदाहरण चांगलं आहे पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. बातमीची तारीख धरली तर २०१५ च्या यादीत ओमर घालणाऱ्याला गुण मिळतील, म्हणजे दीड वर्षापूर्वी मेलेला माणूस "या वर्षी जाईल" असं सांगितल्याबद्दल बक्षीस. आपण माणूस कधी जाईल याचा अंदाज करतो, बातमी कधी फुटेल याचा नाही. बातमीवर गेलो तर खेळच बदलतो, मग सगळे गुप्त राजवटींच्या मागे लागतील. उत्तर कोरियाने किम जोंग इलचा मृत्यू दोन दिवस दाबून ठेवला, १७ डिसेंबर २०११ ला मेला आणि १९ ला सांगितलं. तेव्हा दोन दिवसच होते आणि वर्षही बदलत नव्हतं म्हणून भागलं. हेच ३० डिसेंबरला झालं असतं तर?

तुमचा निकालाचा मुद्दा मात्र मला पटतो. कधीतरी दार बंद करावंच लागतं. पण तो मुदतीचा प्रश्न आहे, तारखेचा नाही. दोन्ही एकत्र करू नका.

काळवेळ
५ जानेवारी, रात्री ११:१८

तारीख म्हणता पण कुठली तारीख? कुठल्या देशातली? अमेरिकन अभिनेत्री बेटी व्हाइट आठवते का. ३१ डिसेंबर २०२१, लॉस एंजेलिस, वय ९९, शंभरीला तीन आठवडे पण नव्हते राहिले. एका मासिकाने तर शंभरीचा अंक छापून दुकानात ठेवला होता. ती सकाळी गेली आणि बातमी फुटली तेव्हा भारतात रात्रीचे बारा वाजून गेले होते, १ जानेवारी लागली होती. मी त्या रात्री जागाच होतो, फोनवर नोटिफिकेशन बघितलं आणि पहिला विचार हाच आला की हे नाव आता कुठल्या वर्षात. आपल्या नियमात टाइम झोनचा उल्लेखच नाही. बातमीची तारीख धरणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की बातमी लॉस एंजेलिसच्या घड्याळाने मोजायची की आपल्या?

माझ्या मते जिथे माणूस गेला तिथली स्थानिक तारीख. डेथ सर्टिफिकेटवर जी असते ती. दुसरी कुठलीही घेतली तर पाच जण पाच घड्याळं काढतील.

रातकिडा
६ जानेवारी, सकाळी ७:५०

माझं पण ऐका. मी यादी वेळेत दिली, ३१ डिसेंबरला, नियमाप्रमाणे दहा नावं. त्यातलं एक नाव यादी देतानाच मेलेलं निघालं, त्यात माझा काय दोष? मी तर सोडाच, जपानच्या बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. मला गुण नकोत, खरंच नकोत, तर्कट म्हणतात ते बरोबर आहे. पण मला वर्षभर नऊ नावांवर खेळायला लावू नका. बदली नाव द्या.

नियमावली
६ जानेवारी, सकाळी ८:३५

बदलीला माझा विरोध. एकदा दार उघडलं की बंद होत नाही. २०२२ ची अखेर आठवा, २८ डिसेंबरला पोप फ्रान्सिसनी सांगितलं की माजी पोप बेनेडिक्ट खूप आजारी आहेत, प्रार्थना करा. लगेच लोकांनी पुढच्या वर्षाच्या याद्या बदलल्या, बेनेडिक्टना आत घेतलं, आणि ते गेले ३१ डिसेंबरला सकाळी. २९ ला पेले गेले, त्यांचं पण तेच. ज्यांनी त्या आठवड्यात घाईने नावं घातली आणि याद्या गोठल्या त्यांची जागा फुकट गेली. ती जोखीम होती आणि ती त्यांनी घेतली. डिसेंबरच्या शेवटी आजारी माणसाचं नाव घालणं हाच एक डाव आहे. तो हुकला तर बदली मागायची नसते.

तर्कट
६ जानेवारी, सकाळी ९:०२

फरक आहे हो. पेले आणि बेनेडिक्ट गेले ते लगेच कळलं, यादीची मुदत संपायच्या आत नाव काढता येत होतं. ज्याने काढलं नाही तो त्याचा आळस. रातकिडा यांना काढायची संधीच नव्हती. माहिती असून चूक होणं आणि माहिती असूच शकत नाही अशी चूक होणं, दोन्हीला एकच शिक्षा कशी?

नियमावली
६ जानेवारी, सकाळी ९:२०

ठीक आहे, हा फरक मान्य. पण मग लिहा तसं शब्दांत. "यादीच्या मुदतीपर्यंत बातमी कुठेच आली नव्हती" ही अट घाला, नाहीतर उद्या कुणीही येऊन म्हणेल की मी बातमी वाचली नव्हती.

मोरपीस
६ जानेवारी, दुपारी १:१४

मी वेगळाच मुद्दा काढते, माफ करा, पण सगळे तारखेवर भांडतायत आणि मुळात इतूका पात्र होत्या का हे कुणी विचारलंच नाही. हा सेलिब्रिटींचा खेळ आहे. त्या प्रसिद्ध होत्या त्या फक्त वयामुळे. ब्रिटनमध्ये डेथलिस्ट म्हणून एक यादी १९८७ पासून चालू आहे, दर वर्षी ५० नावं, त्यांचा नियम असा की निव्वळ लवकर जाण्याची शक्यता आहे म्हणून जो प्रसिद्ध आहे तो चालणार नाही. मला हे अगदी पटतं. सर्वात वृद्ध व्यक्ती हा किताबच असा आहे की तो मरणाने रिकामा होतो आणि मरणानेच मिळतो. केन तनाका एप्रिल २०२२ मध्ये गेल्या, मग ल्युसिल राँदाँ जानेवारी २०२३ मध्ये, मग मारिया ब्रान्यास ऑगस्ट २०२४ मध्ये, मग इतूका. तीन वर्षांच्या आत चार. दर वर्षी त्या खुर्चीवरचं नाव उचलून यादीत टाकायचं याला अंदाज म्हणत नाहीत.

सोनचाफा
६ जानेवारी, दुपारी १:४५

मी नाव दिलं तेव्हा त्या खुर्चीवर नव्हत्या. जानेवारी २०२४ ला ब्रान्यास होत्या सर्वात वृद्ध. इतूका तेव्हा फक्त जपानमध्ये पहिल्या होत्या, त्याही फुसा तात्सुमी डिसेंबर २०२३ मध्ये गेल्या म्हणून. आणि त्या नुसत्या बसून म्हाताऱ्या झालेल्या नाहीत, तरुणपणी व्हॉलीबॉल खेळायच्या, माउंट ओंताके दोनदा चढल्यात, तीन हजार मीटरच्या वर आहे तो. मी वाचून निवडलं होतं नाव.

मोरपीस
६ जानेवारी, दुपारी २:०३

वाचून निवडलंत हे दिसतंच आहे आणि त्याबद्दल कौतुकच. पण ओंताके चढल्याची बातमी कधी झाली? त्या ११० च्या पुढे गेल्यावर. गिर्यारोहक म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मला वाटतं पुढच्या वर्षापासून हे नियमात यावं. या वर्षीच्या निकालाला लावा असं मी म्हणत नाहीये, तुमच्यावर तो अन्याय होईल, खेळ संपल्यावर नियम आणता येत नाही.

जुना खेळाडू
६ जानेवारी, रात्री ८:४०

मोरपीस यांना अनुमोदन. प्रसिद्धीची कसोटी कशी लावायची तेवढं सांगतो कारण इतर ठिकाणी खेळताना यावर फार डोकेफोड झालीय. सोपा मार्ग म्हणजे विकिपीडियावर त्या व्यक्तीचं स्वतंत्र पान यादीच्या मुदतीआधी असलं पाहिजे. "पान आहे" एवढं म्हणून सोडू नका. पानाच्या वर "इतिहास पहा" असतं, त्यावर टिचकी मारून सर्वात जुन्या नोंदींपर्यंत जा, पहिला बदल कधीचा ते दिसतं, तारीख आणि वेळेसकट. इंग्रजी विकिपीडियावर लॉगिन केलेलं नसेल तर ती वेळ यूटीसीत असते, भारताच्या साडेपाच तास मागे, म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री घाईघाईने बनवलेलं पान असेल तर तो हिशोब करावा लागतो. हे मुद्दाम सांगतोय, एका खेळात एकाने आपल्या नावासाठी मुदतीच्या रात्री स्वतःच पान बनवलं होतं. दोन दिवसांनी ते उल्लेखनीय नाही म्हणून उडवलं गेलं आणि मग भांडण लागलं की मुदतीच्या क्षणी पान होतं ना. तेव्हापासून तिथे अट अशी की पान मुदतीच्या किमान तीन महिने आधीचं हवं. ही अट आपणही घ्यावी. आणि वयोवृद्धांना वेगळा नियम, कारण त्यांची पानं असतातच.

अजून एक. आजारी लहान मुलं, व्हायरल झालेले कॅन्सरचे रुग्ण, असे लोक यादीत नकोतच. पान असलं तरी नको. ते प्रसिद्धीला आलेले नाहीत, प्रसिद्धी त्यांच्यावर आलीय.

मोरपीस
६ जानेवारी, रात्री ८:५५

शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत. हे पहिल्या क्रमांकावर लिहा.

शांतनिवांत
७ जानेवारी, सकाळी ११:३०

मी खेळत नाही, नुसता वाचत होतो. खरं सांगायचं तर मला हे सगळं वाचून कसंतरी झालं. एक ११६ वर्षांची बाई गेली आणि चर्चा काय तर ११ गुण कुणाचे. कुणाच्या घरी सुतक आणि इथे तक्ता. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

जुना खेळाडू
७ जानेवारी, दुपारी १२:१०

शांतनिवांत, तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे आणि हा आक्षेप आजचा नाही. १५९१ साली पोप ग्रेगरी चौदावा याने फर्मान काढून पोपच्या निवडणुकीवर आणि पोप किती काळ गादीवर टिकेल यावर पैजा लावायला बंदी केली, शिक्षा होती धर्मबहिष्कार. म्हणजे तेव्हाही लोक हे करत होते. लंडनमध्ये अठराव्या शतकात तर नामवंतांच्या आयुष्यावर सर्रास विमा उतरवायचे, ज्यांचा त्या माणसाशी काडीचा संबंध नाही असे लोक. शेवटी १७७४ मध्ये कायदा आला की ज्याच्या जगण्यात तुमचं खरोखर काही हित आहे त्याच्याच आयुष्याचा विमा तुम्हाला काढता येईल. आज आयुर्विम्यात जो विमेय हितसंबंध म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे.

त्या कायद्याचं कारण मी कायम लक्षात ठेवतो. कुणाच्या मरणात तुमचा पैसा अडकला की तुम्हाला तो मरायला हवा असतो. म्हणून आपल्याकडे पैसा नाही, एक रुपया नाही, आणि नसावाच. पैसा नसला की जे उरतं ते म्हणजे वर्षभर जगातल्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष ठेवणं. माझं सांगतो, गेलेल्या कितीतरी लोकांचं काम मी यादी करताना पहिल्यांदा नीट वाचलं.

शांतनिवांत
७ जानेवारी, दुपारी १२:४८

उत्तराबद्दल आभार. पटलं असं म्हणणार नाही पण तुमची बाजू कळली. आजारी मुलांचा नियम मात्र नक्की लिहा.

काळवेळ
७ जानेवारी, रात्री ९:०५

परत तारखेवर येतो कारण एक प्रकार राहिला. ब्रेन डेड. अमेरिकन अभिनेत्री ॲन हेच, ऑगस्ट २०२२. ५ तारखेला अपघात, १२ तारखेला तिच्या प्रतिनिधीने सांगितलं की कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे ती मृत आहे, पण अवयवदानासाठी हृदय चालू ठेवलंय, आणि यंत्रं काढली १४ ला. बऱ्याच पेपरांनी १२ लाच मृत्युलेख छापले, काहींनी १४ पर्यंत थांबणं पसंत केलं. हे ३० डिसेंबर ते १ जानेवारीच्या मध्ये झालं असतं तर आपण काय केलं असतं? मी म्हणतो, जिथे मेंदूमृत्यू हा कायद्याने मृत्यू आहे तिथे तोच धरा.

आणि नुसता कोमा म्हणजे मृत्यू नाही हे पण लिहा. इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन जानेवारी २००६ मध्ये कोमात गेले आणि गेले जानेवारी २०१४ मध्ये. आठ वर्षं. त्या काळात "हे जवळपास गेल्यातच जमा आहेत" असं म्हणत दर वर्षी लोकांनी त्यांच्यावर जागा लावली. कार्टर यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉस्पिस म्हणजे अखेरच्या काळातली शुश्रूषा घ्यायला सुरुवात केली तेव्हाही सगळ्यांना वाटलं आठवड्याभराचा प्रश्न आहे, त्यानंतर दोन वाढदिवस झाले त्यांचे.

नियमावली
७ जानेवारी, रात्री ९:३३

फाशीचं पण लिहून घ्या. सद्दामला ५ नोव्हेंबर २००६ ला शिक्षा झाली आणि ३० डिसेंबरला फाशी. २००६ ची यादी २००५ च्या डिसेंबरमध्ये दिलेल्याने नाव घातलं असेल तर तेव्हा खटला नुकताच सुरू झालेला, तो अंदाजच होता, गुण द्या. पण शिक्षा सुनावल्यानंतर पुढच्या वर्षाच्या यादीत नाव घालणं म्हणजे कोर्टाचा कागद वाचून दाखवणं. म्हणून यादी देताना मृत्युदंड सुनावलेला असेल तर अपात्र.

रातकिडा
७ जानेवारी, रात्री १०:२०

आणि दोन मोठी माध्यमं ही अट पुरेशी आहे का? मला नाही वाटत. गेल्या वर्षी २ फेब्रुवारीला पूनम पांडेच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवरून सांगितलं की ती सर्व्हायकल कॅन्सरने गेली, तिच्या टीमने दुजोरा दिला, दोन काय वीस माध्यमांनी छापलं, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः व्हिडिओत आली की मी जिवंत आहे, हे जनजागृतीसाठी होतं. सगळ्यांचा स्रोत एकच होता. दोन पेपर म्हणजे दोन पुरावे नाहीत.

जुना खेळाडू
७ जानेवारी, रात्री १०:४४

खरं आहे. आणि मोठ्यांचं पण चुकतं. जयप्रकाश नारायण मार्च १९७९ मध्ये गेले असं खुद्द पंतप्रधानांनी लोकसभेत सांगितलं, श्रद्धांजली झाली, कामकाज तहकूब झालं, आणि जेपी हॉस्पिटलमध्ये जिवंत होते. गेले ते ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या आरएफआय रेडिओच्या साइटवर तयार ठेवलेले शंभरेक मृत्युलेख एकदम प्रसिद्ध झाले, त्यात राणी एलिझाबेथ, पेले, कार्टर सगळे. म्हणून २४ तास थांबायचं आणि मगच तक्त्यात नोंद करायची. घाई कशाला, गुण कुठे पळून जात नाहीत.

दवबिंदू
८ जानेवारी, सकाळी १०:१५

सगळं वाचलं. तारखेच्या बाबतीत काळवेळ आणि तर्कट यांचं मला आता मान्य आहे, बातमीची तारीख टिकत नाही. मुदतीचा माझा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. निकाल कधी अंतिम होतो ते ठरवा. ४ जानेवारीला बातमी आली म्हणून उघडायचा, उद्या मार्चमध्ये काही निघालं तर? इव्हेट विकर्स नावाची अभिनेत्री एप्रिल २०११ मध्ये तिच्या घरात सापडली, कित्येक महिने आधी गेली असावी, शरीर वाळून गेलं होतं. वर्ष २०१० की २०११ हे पण नीट सांगता येत नाही. अशा वेळी काय करणार?

पानगळ (संयोजक)
१० जानेवारी, रात्री ९:००

निर्णय देतो. ज्यांनी ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांचे आभार, यातलं बरंच मला सुचलं नसतं.

तारीख मृत्यूची, आणि जिथे मृत्यू झाला तिथली स्थानिक. मेंदूमृत्यू तिथल्या कायद्याने मृत्यू असेल तर तोच. तारीख नक्की नसेल तर संबंधित अधिकाऱ्यांनी सांगितलेली, आणि त्यांनीही सांगितली नसेल तर माणूस सापडला तो दिवस. विकर्ससारख्या प्रकरणाचं उत्तर हेच.

निकाल १ जानेवारीला तात्पुरता लागेल आणि ३१ जानेवारीला अंतिम होईल. त्यानंतर मुल्ला ओमर जरी निघाला तरी निकाल उघडणार नाही. दवबिंदू, ही मुदत तुमच्यामुळे आली. आधी ती नव्हती आणि माझ्या १ तारखेच्या पोस्टमध्ये निकाल अंतिम असं कुठेही म्हटलेलं नाही, त्यामुळे इतूकांचे ११ गुण सोनचाफा यांना जातात आणि २०२४ च्या विजेत्या त्या आहेत. मला हा निर्णय सोपा गेला नाही. पण नियमात "निधन झालं पाहिजे" हेच शब्द आहेत आणि निधन त्या वर्षात झालंय.

रातकिडा यांना बदली नाव मिळेल, १७ तारखेच्या आत द्या. अट नियमावली यांनी सुचवली तीच, म्हणजे यादीच्या मुदतीपर्यंत बातमी कुठेच आलेली नसावी. बदली नाव दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरलं जाईल.

आजारी लहान मुलं आणि केवळ आजारपणामुळे चर्चेत आलेली माणसं यादीत चालणार नाहीत, हे आजपासूनच. चालू यादीत असं नाव कुणाचं असेल तर मला मेसेज करा, बदलून देतो, जाहीर करणार नाही. फक्त वयामुळे प्रसिद्ध असलेले, विकिपीडियाचं तीन महिन्यांचं पान आणि मृत्युदंड, हे तीन नियम २०२६ च्या याद्यांपासून. तक्त्यात नोंद २४ तासांनी. आणि कुणीही कुणाच्या घरच्यांना, हॉस्पिटलला फोन किंवा मेसेज करून माहिती काढायची नाही, तसं केलेलं कळलं तर नाव कायमचं बाद.

दवबिंदू
१० जानेवारी, रात्री ९:२६

निर्णय मला पटलेला नाही. १ तारखेला "निकाल" म्हणून टाकलेलं तात्पुरतं होतं हे नऊ दिवसांनी सांगणं बरोबर नाही. पण संयोजक तुम्ही आहात आणि इथून पुढे मुदत आली हे महत्त्वाचं. सोनचाफा, अभिनंदन.

सोनचाफा
१० जानेवारी, रात्री ९:४१

मनापासून धन्यवाद. तुमच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं.

काळवेळ
८ मार्च २०२५, सकाळी ८:२०

धागा वर काढतोय. हॉलिवूडचे अभिनेते जीन हॅकमन. २६ फेब्रुवारीला ते आणि त्यांची पत्नी घरात मृत सापडले, तेव्हा आपण २६ तारीख टाकली होती. काल अधिकाऱ्यांची पत्रकार परिषद झाली. हॅकमन यांच्या पेसमेकरमधली शेवटची नोंद १८ फेब्रुवारीची आहे आणि त्या सुमारास ते गेले असावेत असं त्यांनी सांगितलं. पत्नी त्याच्या काही दिवस आधीच गेल्या होत्या, हंटाव्हायरसने. त्यांना अल्झायमर होता, पत्नी गेल्याचं त्यांना कळलं तरी होतं की नाही कोण जाणे. वाचून फार वाईट वाटलं.

मुद्दा असा की महिन्यात सर्वात आधी लागलेल्या नावाचा ५ गुणांचा बोनस फेब्रुवारीत गायिका रॉबर्टा फ्लॅकवर दिला गेलाय, ती २४ ला गेली. १८ धरली तर बोनस हॅकमनवाल्यांकडे जातो.

नियमावली
८ मार्च, सकाळी ९:१०

"असावेत" म्हणजे नक्की नाही. नक्की नसेल तर सापडल्याचा दिवस.

तर्कट
८ मार्च, सकाळी ९:३५

नियम परत वाचा. नक्की नसेल तर अधिकाऱ्यांनी सांगितलेली, आणि त्यांनी काहीच सांगितलं नसेल तरच सापडल्याचा दिवस. इथे सांगितलीय, आणि हवेतून नाही, पेसमेकरच्या नोंदीवरून. अशा प्रकरणात याहून पक्कं काय मिळणार आहे? परवीन बाबी २२ जानेवारी २००५ ला घरात सापडली तेव्हा दारापुढे साचलेल्या दूध आणि पेपरांवरून लोकांनी अंदाज बांधला, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मोरपीस
८ मार्च, सकाळी १०:०२

फ्लॅक माझ्या यादीत आहे, बोनस माझाच जाणार, तरी तर्कट बरोबर आहेत. १८ धरा.

पानगळ (संयोजक)
८ मार्च, रात्री ८:१५

१८ फेब्रुवारी धरली आहे. बोनस हॅकमन ज्यांच्या यादीत आहेत त्या तिघांत विभागून दिलाय, मोरपीस यांचे ५ कमी केलेत. अधिकाऱ्यांनी पुढे तारीख बदलली तर या वर्षाचा निकाल अंतिम होईपर्यंत म्हणजे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत आपणही बदलू. नवा तक्ता मुख्य धाग्यावर टाकलाय, हरकत असेल तर इथेच लिहा.